बाबाचं काही खरं नाही

विश्राम कोटणीस लोकांना भूतकाळ विकायचा. नौपाड्यात चपलांचं दुकान आणि डोळ्यांचा दवाखाना यांच्यामध्ये चेपून बसलेला त्याचा गाळा होता. पाटीवर 'कोटणीस लॅपटॉप दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं, कारण 'निष्पाप आयुष्य तयार मिळेल' अशी पाटी लावली असती तर ती पोलिसांनीही वाचली असती.

धंदा चालायचा तो आक्काच्या कृपेनं. आक्का म्हणजे विमानतळावरच्या सामान तपासणीतलं यंत्र. सरकारी कागदावर त्याचं नाव 'अवशिष्ट स्मृती वाचक' होतं. पण असलं नाव तोंडात धरून दिवसभर रांग हाकता येत नाही, म्हणून तिथल्या जवानांनी त्याची आक्का केली. "आक्का काय म्हणते?" "गप आहे, जाऊ दे पुढं." एवढ्यावर माणसाच्या आयुष्याचा निकाल लागायचा.

पूर्वी लॅपटॉप बॅगेतून काढून ट्रेमध्ये ठेवायचा तो एवढ्यासाठीच, की आत बॅटरीच्या जागी भलतंच काही नाही ना, हे क्ष-किरणांना नीट दिसावं. तेव्हा वस्तू तपासायचे. मग विज्ञानानं प्रगती केली.

लॅपटॉपची स्मृती म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अब्जावधी कप्प्यांची चाळ. एखाद्या कप्प्यात मूठभर इलेक्ट्रॉन कोंडले की त्याचा एक अर्थ, सोडून दिले की दुसरा. कप्प्याची भिंत अतिशय पातळ, आणि इलेक्ट्रॉनांना ये-जा करायला दार नाही. भिंतीतूनच त्यांना आत ढकलायचं आणि भिंतीतूनच बाहेर ओढायचं. दर खेपेला भिंत थोडी खरवडली जाते आणि दोनचार इलेक्ट्रॉन तिच्यातच अडकून बसतात. लोणच्याचा प्लॅस्टिकचा डबा कितीही घासला तरी झाकण उघडल्यावर कळतंच ना, तसं. फाइल पुसली तरी वास राहतो. कोण्या एका प्रयोगशाळेत असं लक्षात आलं, की बाहेरून क्ष-किरणांची हलकी टिचकी मारली तर हे अडकलेले इलेक्ट्रॉन थरथरतात, आणि त्या थरथरीवरून कुठे काय लिहून पुसलं होतं ते ताडता येतं. सगळं वाचता येत नाही. पण उरलेल्या गाळलेल्या जागा भाषा शिकलेला संगणक भरतो. कुलूपबंद फाइलसुद्धा टाइप होताना कधीतरी उघडीच असते. तेव्हा ट्रे पट्ट्यावरून पलीकडे पोचेपर्यंत आक्का माणसानं आजवर खोडलेलं सगळं वाचून मोकळी व्हायची.

ठेवलेल्या मजकुरात तिला फारसा रस नव्हता. माणूस ठेवतो ते जगासाठी. खरं असतं ते खोडलेलं, असं तिच्या निर्मात्यांचं म्हणणं होतं. त्यांची लग्नं झालेली असावीत.

लोकांनी आधी कोरे लॅपटॉप न्यायला सुरुवात केली. कोऱ्या लॅपटॉपवर आक्का सगळ्यांत आधी भुंकायची. मग काही जण लॅपटॉपच न घेता गेले. त्यांना कोणीच सोडलं नाही. या जमान्यात लॅपटॉप नसलेला माणूस म्हणजे नक्कीच काहीतरी लपवणारा माणूस. ज्याच्यावर आक्काचा ठपका बसे तो 'उतरवलेला'. तो शिक्का विमानापुरता राहत नसे. बँका, घरमालक, नोकरी देणारे, स्थळं बघणारे, सगळे हल्ली तो आधी बघायचे.

अशा वेळी विश्राम कामाला आला. पूर्वी तो टीव्ही मालिकांचे संवाद लिहायचा. ते काम संगणक त्याच्याहून स्वस्तात आणि त्याच्याइतकंच वाईट करू लागल्यावर त्यानं हा गाळा घेतला. गिऱ्हाइकाला शोभेल असा भूतकाळ तो बसून लिहायचा, आणि मागच्या बाजूला 'भट्टी' म्हणून जो खोका होता त्यात लॅपटॉप ठेवून तो मजकूर परत परत लिहून पुसायचा, भिंती पुरेशा खरवडून जुना वास दबेपर्यंत. हातोटी होती ती मजकुरात. अगदी धुतल्या तांदळासारखं आयुष्य आक्काला पटत नाही. चवीपुरतं पाप लागतं. एखाद्याला तो सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहिलेला आणि न पाठवलेला शिवराळ मेल द्यायचा, एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेला चोरून केलेल्या कविता.

सुरुवातीला आक्काला मराठी येत नव्हतं. इंग्रजी, अरबी, चिनी अशा वजनदार भाषा ती वाचायची. मराठी म्हणजे तिच्या लेखी नुसती खरखर. साहजिकच आपल्या अस्मितेला ठेच लागली. मोर्चा निघाला. 'संशय घ्या, पण मराठीत घ्या' ही घोषणा खुद्द विश्रामनं लिहून दिली होती, आणि पेपरात आलेल्या फोटोत तो पुढून दुसऱ्या रांगेत दिसतो. मागणी मान्य झाली. सरकारी परिपत्रकं, गाइडं आणि औषधांच्या खोक्यातल्या सूचनांची भाषांतरं खायला घालून आक्काला मराठी शिकवलं गेलं. विश्रामला वाटलं, आता आपला भाव वाढणार. बाकीचे भूतकाळवाले पुस्तकी मराठी लिहायचे. घराघरांत बोलतात तसं लिहिणारा तो एकटाच होता.

त्याची मुलगी ऋजुता नद्यांच्या पाण्यात काय काय सापडतं ते मोजायची. एका कारखान्याखालच्या पाण्यात सापडलं ते तिनं आणि तिच्या मित्रानं, तन्मयनं, चार लोकांना दाखवलं. कारखान्याच्या मालकाची ओळख त्याहून जास्त लोकांशी होती. पुढे तन्मय एका परिषदेला निघाला तेव्हा आक्कानं त्याच्या लॅपटॉपमधले पुसलेले आकडे आणि अर्धवट लिहिलेली पत्रकं वाचली. आता तो आईच्या पोळीभाजी केंद्रात डबे भरायचा. ते पोचवायचं कामही त्याला मिळत नव्हतं, कारण पोचवणाऱ्यांचं ॲप शिक्का बघतं.

आणि आता ऋजुताला नॉर्वेतल्या एका विद्यापीठानं वितळणाऱ्या बर्फाचं पाणी मोजायला बोलावलं होतं. तिच्या लॅपटॉपमध्ये तन्मयच्या लॅपटॉपमध्ये होतं ते सगळं होतं, शिवाय तिचं स्वतःचं.

"मला खोटं घेऊन जायचं नाही, बाबा," असं ती आठवडाभर म्हणाली. मग एका दुपारी तन्मयच्या आईकडून डबा घेऊन आली, तो गाळ्यातल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "दाखव काय लिहिलंयस ते."

विश्रामनं दाखवलं. बऱ्याच वर्षांत त्यानं इतकं मन लावून काही लिहिलं नव्हतं.

"मी विणकाम शिकत होते?"

"आणि सोडलंस. सोडून दिलेल्या गोष्टींनी माणूस विश्वासू वाटतो."

"हा पराग कोण?"

"त्याला नकार कळवायला तू किती वेळा बसलीस. दर वेळी लिहिलंस, दर वेळी खोडलंस."

"मग शेवटी काय कळवलं?"

"काही नाही. वाट बघतोय बिचारा."

ती हसली. मग वाचता वाचता थांबली. "कुंदामावशी? आईला बहीण कुठे होती?"

"आता आहे. तुला मन मोकळं करायला कोणीतरी नको का?"

ऋजुतानं कुंदामावशीला लिहिलेलं आणि पुसलेलं ते मोकळं मन वाचलं. 'मावशी, बाबा हल्ली दोन उशा घेतल्याशिवाय झोपत नाही. आडवं झालं की धाप लागते म्हणतो. संध्याकाळी मोजे काढले की पायावर वळ उठलेले असतात, बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. जिन्यात मध्येच थांबतो आणि फोन बघायचं नाटक करतो. डॉक्टरकडे चल म्हटलं की चिडतो. तुला म्हणून सांगते, बाबाचं काही खरं नाही. मी जाऊ की नको?'

"बाबा, तू स्वतःला आजारी पाडलंस?"

"मालिकेत मी अख्खं कुटुंब कोमात घातलं होतं. मला काही होत नाही." त्यानं डब्याचं झाकण उघडून बघितलं. दुधीची भाजी होती. "आक्का परतीचा अंक काढते. ज्याला परत यायचं कारण आहे तो वाटेत वेडंवाकडं काही करत नाही, असा हिशेब. तुला नवरा नाही, घर नाही, आई..." त्यानं डब्याचं झाकण परत लावलं. "एक बाप आहे, तो ठणठणीत. ठणठणीत बापासाठी कोणी परत येत नाही."

"मी येईन."

"मला माहीत आहे. आक्काला पुरावा लागतो."

ऋजुतानं परत एकदा तो मजकूर वाचला. "पण हे मोज्यांचं वगैरे सुचतं कुठून रे तुला?"

"सुचतं."

लेखक मुळात आळशी जात. हाताशी असेल तेच उचलतो. विश्राम भट्टीची वायर आणायला पोटमाळ्याच्या शिडीवर चढला. मध्येच थांबला आणि खिशातून फोन काढून बघितला. काहीही आलेलं नव्हतं.

विमानतळावर हल्ली निरोप द्यायला तिकीट काढून आत सोडतात. तपासणीच्या बाजूनं काचेची लांबलचक गॅलरी आहे, तिच्यात खुर्च्या आहेत, पलीकडच्याशी बोलायला फोन आहेत, आणि टोकाला वड्यांचा स्टॉल. ही सोय माणुसकीपोटी केलेली नाही. उतरवलेल्या माणसाला धरून घरी न्यायला कोणीतरी लागायचंच.

"येते हं," ऋजुता म्हणाली आणि आत गेली. विश्राम वडा घेऊन काचेशी बसला. मुलीनं लॅपटॉप बॅगेतून काढला, ट्रेमध्ये ठेवला, त्यावर काही राहिलं नाही ना ते बघितलं. ट्रे आक्काच्या तोंडात गेला. आक्कावरचा दिवा हिरवा असतो. तो पिवळा झाला, आणि तसाच राहिला.

थोड्या वेळानं गॅलरीचं दार उघडून गणवेशातली एक बाई आली. छातीवर 'ढवळे' अशी पट्टी होती. "ऋजुता कोटणीसचे वडील कोण आहेत?"

विश्राम उठला. बाई त्याच्याकडे आणि मग त्याच्या हातातल्या वड्याकडे बघत राहिली.

"तुम्ही अंथरुणात असायला हवं होतं."

"का?"

तिनं हातातली संगणकाची पाटी त्याच्यापुढे धरली. त्यावर लिहिलं होतं: 'प्रवाशाची खोडलेली कबुली आढळली. वडिलांसंबंधीची कोणतीही माहिती खरी नाही. वडील बनावट असण्याची दाट शक्यता.'

विश्रामनं ते दोनदा वाचलं. "अहो, 'काही खरं नाही' म्हणजे... तुम्ही मराठीच ना?"

"कराडची. माझ्या सासऱ्यांचं पण काही खरं नाही, दिवाळीपासून. मला कळतं हो. पण मला कळून काय उपयोग? आक्कानं एकदा अर्थ लावला की माझं काम खाली सही करायचं."

"मग तिला समजावून सांगा."

"तिला समजावायला जो अर्ज आहे तो तीच वाचते."

विश्रामनं वडा खुर्चीवर ठेवला. त्याच्या डोक्यात भलताच विचार आला, की आक्का वाचायला चुकली, पण ओळखायला चुकली नाही. रीत साफ चुकावी आणि उत्तर मात्र बरोबर यावं, तसं झालं होतं. ज्या एका वाक्याचा त्याला सगळ्यांत जास्त अभिमान होता तेच नेमकं तिनं उचललं होतं. पुस्तकी लिहिलं असतं, 'पिताजींची प्रकृती चिंताजनक आहे', तर मुलगी एव्हाना कॉफी पीत बसली असती.

"एक वाट आहे," ढवळेबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "नातेवाईक हजर असेल तर त्याची इथंच तपासणी करता येते. तुम्ही आजारी निघालात तर ते वाक्य अलंकारिक धरतात आणि पोरगी जाते. धडधाकट निघालात तर शब्दशः धरतात."

"शब्दशः धरलं तर?"

"मग ती उतरवलेली. आणि ते सगळं लिहिलं कोणी, ते विचारायला तुमच्याकडे माणसं येतील."

काचेपलीकडे ऋजुता एका बाकावर बसली होती. तिनं हात वर करून 'काय झालं?' असं विचारलं. विश्रामला तन्मयच्या आईचा डबा आठवला, त्याच्या झाकणाला तन्मयनं चिकटवलेली चिठ्ठी, 'आज भाजीत मीठ कमी आहे, सांभाळून घ्या.' तन्मय भौतिकशास्त्रात पहिला आला होता.

"चला," तो ढवळेबाईंना म्हणाला. "मी बरा नाहीच आहे."

दवाखान्याच्या खोलीकडे जाताना त्यानं तयारी केली. छाती डाव्या बाजूला धरायची. मालिकेतले नट नेहमी उजवी धरायचे आणि त्यावरून त्याची दिग्दर्शकाशी भांडणं व्हायची. डॉक्टर वसईकडची होती, ग्लोरिया डाबरे नावाची, ऋजुतापेक्षा फार मोठी नसेल. तिनं त्याला आडवं केलं, छातीवर गार जेली लावली आणि मुठीएवढं यंत्र टेकवलं. विश्राम कण्हायला लागला.

"काका, कण्हू नका. मला ऐकू येत नाही."

तो गप्प झाला. ती यंत्र इकडून तिकडे सरकवत राहिली. मग एका जागी थांबली. खूप वेळ थांबली. विश्रामला वाटलं, पकडलं गेलं.

"मोजे काढा."

त्यानं काढले. तिनं घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तिथंच राहिला. ते दोघंही त्याच्याकडे बघत होते.

"झोपताना उशा किती घेता?"

"दोन," विश्राम म्हणाला. वाक्य त्याचंच होतं, पाठ होतं. मग विचारलं नसताना तो म्हणाला, "हल्ली तीन."

"आणि कधीपासून?"

"हे मी लिहिलं होतं," विश्राम म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

डॉक्टरनं पडदा त्याच्याकडे वळवला. करड्या अंधारात काहीतरी उघडझाप करत होतं, आणि उघडताना कंटाळल्यासारखं करत होतं. "ही झडप. नीट उघडत नाही. हिच्यापायी मागचा पंप थकलाय, बराच थकलाय. आधी आला असतात तर सरळ ऑपरेशन होतं. आता ऑपरेशन सोसेल का, हे मोठ्या डॉक्टरांना बघावं लागेल." तिनं जेली पुसायला त्याला कागद दिला. "आजच्या आज भरती व्हा. घरी जाऊन विचार करतो म्हणू नका. सोबत कोण आहे?"

"मुलगी," विश्राम म्हणाला. "ती निघालीय."

बाहेर ढवळेबाई उभ्या होत्या. पाटीवरचा दिवा हिरवा झाला होता. "आक्कानं अलंकारिक धरलं," त्या म्हणाल्या, आणि विश्रामचा चेहरा बघून त्यांचा पुढचा आनंद तोंडातच राहिला. मग त्यांनी रिपोर्ट वाचला.

"हा तिला दिसतो का?" विश्रामनं विचारलं.

"तिच्या नोंदीला जोडला गेला. तिकडं उतरली की तिच्या फोनवर येईल."

"उडवता नाही का येणार?"

"इथून फक्त विमानं उडतात, काका." मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं. "तिला आत्ता सांगायचंय का? बोलणं करून देते."

"आत्ता कळलं तर ती बसणार नाही."

"बसली नाही तर उतरवलेलीच धरतील. हिरव्या दिव्यानंतर मागं फिरणाऱ्यांवर तर आक्काचा जास्त राग."

"म्हणून तर," विश्राम म्हणाला.

काचेवरचा फोन त्यानं उचलला. पलीकडे ऋजुता धावतच आली. विमानाची शेवटची हाक चालली होती.

"तुला डॉक्टरकडे नेताना बघितलं. काय केलंस आत?"

"झडप बंद पाडली."

"आणि डॉक्टरला पटलं?"

"माझ्या मालिका बघत मोठी झाली असणार."

ती हसली, मग काचेच्या जवळ आली. "घाम आलाय तुला."

"भूमिकेत शिरावं लागतं."

ऋजुता हसली नाही. ती त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती, पाण्याच्या नमुन्यात शोधावं तसं. "बाबा, खरंच ठीक आहेस ना?"

बापानं लेकीकडे बघितलं. आयुष्यभर त्यानं लोकांच्या तोंडी घालायला जी वाक्यं लिहिली होती त्यातलं एकही या वेळी उपयोगाचं नव्हतं.

"माझा वडा राहिलाय तिकडे खुर्चीवर. गार होईल. जा तू."

"जा काय? ये म्हण."

"ये," विश्राम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात त्याच्या पाठीमागे उशांचा ढीग लावला होता. मोठे डॉक्टर सकाळी येऊन कागद बघून गेले. ऑपरेशनबद्दल ते काही बोलले नाहीत, फक्त घरी कोण कोण असतं ते विचारलं. समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेनं फोन कानाला लावून कोणाला तरी सांगितलं, "आमच्या समोरचे आहेत ना, त्यांचं काही खरं नाही." तिला बिचारीला वाटलं, तो झोपलाय.

मग त्याच्या फोनवर निरोप आला.

'पोचले. इथं सगळीकडे बर्फ आहे आणि कोणी कोणाशी बोलत नाही, तुला आवडेल. आत्ताच तुझा रिपोर्ट वाचला. झडपेचे फोटो कुठून पैदा केलेस? डॉक्टरची सही तर अस्सल वाटते. आणि पायाचा खळगा तिच्याही तोंडी घातलास, धन्य आहे. आजवरचं तुझं सगळ्यांत चांगलं लिखाण. मी इथं सगळ्यांना दाखवणार आहे. बाबा, तुझं काही खरं नाही.'

पुढे हसरे चेहरे होते, ओळीनं.

विश्रामनं चष्मा लावला. 'ऋजू, ते मी लिहिलेलं नाही,' असं टाइप केलं. ते बघत राहिला, आणि एकेक अक्षर मागे घेत पुसलं. मग 'ये' एवढंच लिहिलं. तेही पुसलं. मग लिहिलं, 'मोजे जाड घाल,' आणि पाठवून दिलं.

धंद्याच्या सवयीनं त्याच्या मनात आलं, की पुसलेलं कुठे जात नाही. ती दोन्ही वाक्यं आता या फोनच्या भिंतींत अडकून बसली. पुढे कधीतरी ऋजुता येईल, खाटेशेजारच्या कपाटातल्या वस्तू गोळा करील, आणि परत जाताना विमानतळावर हा फोन बॅगेतून काढून ट्रेमध्ये ठेवील. ट्रे पट्ट्यावरून पलीकडे जाईल. वाक्यं वाचली जातील, शब्दशः, बरोबर. आक्काला त्यात आक्षेपार्ह काहीच सापडणार नाही, आणि दिवा हिरवाच राहील.